किल्लीच्या कडीला काय काय लटकतं

लोकलमध्ये नेट जातं आणि एपिसोड अर्धाच राहतो, अशी तक्रार करणाऱ्या सगळ्यांसाठी हा नेहमीसारखा लेखी अवतार. बोलताना घेतलेली वळणं तशीच ठेवली आहेत, फक्त "म्हणजे" जरा कमी केलेत.

आजचा विषय मला विमानतळावर सुचला. सकाळची सहाची फ्लाइट, डोळ्यांवर झोप. सिक्युरिटी चेकला माझी बॅग बाजूला काढली. जवानाने विचारलं, चाकू आहे का? मी अगदी ठामपणे नाही म्हणाले. खोटं नव्हते बोलत. माझ्या डोक्यात तो चाकू नव्हताच, त्या माझ्या किल्ल्या होत्या! बोटाच्या दोन पेरांएवढा लाल स्विस चाकू, हॉस्टेलला निघताना बाबांनी जुडग्यात अडकवून दिलेला. त्याच्या शेजारी पेपर स्प्रे, तो पहिल्या नोकरीच्या वेळी आईने अडकवलेला. दोन्ही केबिनमध्ये चालत नाहीत. बॅग चेक-इन करायला परत जावं तर फ्लाइट जाणार. जवानाची काहीच चूक नव्हती, नियम नियम आहे. दोन्ही वस्तू काढून त्या पारदर्शक खोक्यात टाकल्या आणि रिकामी कडी घेऊन विमानात बसले.

चाकू काही फार महाग नव्हता. पण नऊ वर्षं त्याने पार्सलं उघडली, सुटलेले धागे कापले, चष्म्याचे स्क्रू आवळले, एकदा तर हॉस्टेलच्या मिक्सरचा प्लगसुद्धा. तो गेल्यावर पुढचे कित्येक दिवस हात आपोआप खिशाकडे जायचा. मग डोक्यात किडा वळवळायला लागला. माणसं किल्लीला ही अवजारं कधीपासून लटकवायला लागली?

उत्तर उलटं निघालं. किल्ली नंतर आली. कडीत अडकवलेली अवजारं आधीची आहेत.

हडप्पाला चला. तिथल्या उत्खननात तांब्याचा एक छोटा संच सापडलाय. तीन वस्तू : एक चिमटा, एक टोचणी आणि एक कानकोरणं. तिघांची वरची टोकं वळवून एकमेकांत अडकवलेली. म्हणजे तीन अवजारांचं कीचेनच, फक्त किल्ली नाही. वय साधारण चार ते साडेचार हजार वर्षं. अशाच धाटणीचे संच मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, किश आणि ऊर या शहरांतही मिळालेत. ऊरच्या कबरींमधला एक तर सोन्याचा आहे, त्याला ठेवायला नाजूक सोन्याची डबी. श्रीमंतांना साध्या गोष्टी महागात घ्यायची हौस तेव्हाही होतीच.

आता माझ्या गेलेल्या चाकूत काय होतं बघा. छोटं पातं, कात्री, टोकाला स्क्रूड्रायव्हर असलेली नखांची कानस, आणि दोन बाजूंना सरकवून ठेवलेले चिमटा आणि दातकोरणं. काटा काढायचा, नखातली घाण काढायची, दातात अडकलेलं काढायचं. हडप्पातल्या बाईच्या किंवा बाप्याच्या हातात तो दिला असता तर कात्री सोडून बाकी सगळं त्यांनी बहुतेक न सांगता ओळखलं असतं. शरीर तेच आहे हो. काटे तेच, कान तेच.

हडप्पाची आणखी एक गोष्ट मला जास्त आवडली, कारण ती माझ्या कामाच्या जवळची आहे. मी लॉगिन सिस्टिमवर काम करते, दिवसभर "की" आणि "टोकन" हेच शब्द. शाळेच्या पुस्तकात एकशिंगी प्राण्याच्या मुद्रेचं चित्र असायचं, आठवतंय? चित्रात फक्त पुढची बाजू दिसते. मागच्या बाजूला एक उंचवटा असतो आणि त्याला आरपार भोक असतं. दोरी ओवायला! माणसं ती मुद्रा दोरीत अडकवून जवळ बाळगत असणार. गाठोड्याच्या गाठीवर ओली माती थापायची, त्यावर मुद्रा उमटवायची. कुणी मध्ये उघडलं तर माती फुटते, कळतं. हा माल माझ्याकडून आलाय आणि वाटेत कुणी हात घातलेला नाही, एवढं ती मुद्रा सांगायची. आमच्या ऑफिसात ह्याच दोन गोष्टी सिद्ध करायला तीस जणांची टीम आहे.

आता जरा उडी मारू. धातूची किल्ली आल्यावर ती ठेवायची कुठे, हा प्रश्न आला. आपण खिसा गृहीत धरतो, पण कपड्यात शिवलेला खिसा ही माणसाच्या इतिहासात फार अलीकडची सोय आहे. रोमन लोकांच्या अंगरख्याला खिसे नव्हते, म्हणून त्यांच्याकडे बोटात घालायच्या अंगठीलाच किल्लीचे दात काढलेले असत. इंग्लंडमध्ये पाचव्या-सहाव्या शतकातल्या अँग्लो-सॅक्सन बायकांच्या कबरींत कमरेजवळ काशाच्या लांब, किल्लीच्या आकाराच्या वस्तू सापडतात. गंमत म्हणजे त्या कुठलंच कुलूप उघडत नाहीत. नुसत्या दाखवायच्या. घर कुणाच्या ताब्यात आहे ते कमरेला बघून कळावं म्हणून.

आणि १८व्या-१९व्या शतकातल्या युरोपातली शाटलेन. फ्रेंचमध्ये ह्या शब्दाचा अर्थच किल्ल्याची मालकीण. कमरपट्ट्याला एक आकडा, त्यातून सुटणाऱ्या चार-पाच साखळ्या, आणि त्यांना किल्ल्या, कात्री, अंगुस्तानाची डबी, घड्याळ, शिक्का, पेन्सिल असं काहीबाही. बाई चालली की खुळखुळ आवाज. नोकरमंडळींना लांबूनच कळायचं कोण येतंय.

इथे मला आजी आठवली नसती तरच नवल. आजीकडे चांदीचा छल्ला होता. नऊवारीच्या कमरेला खोचायचा आकडा, त्याला वाटीएवढी नक्षीची चकती, खाली कडी, आणि कडीत किल्ल्यांचा जुडगा. किल्ल्यांच्या मध्येच चांदीचं एक कानकोरणं आणि पितळेचा चिमटा. लहानपणी पायात काटा गेला की आम्ही सगळी भावंडं आजीच्या कमरेकडेच धावायचो. हडप्पाचा तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी स्क्रीनकडे बघून अक्षरशः म्हणाले, अगं, हे तर आपल्या घरात होतं!

पण आजीला तो छल्ला लग्नात मिळाला नव्हता. तो तिच्या सासूबाईंच्या कमरेला होता. कोठीच्या खोलीची किल्ली त्यात, तूप-साखरेच्या कपाटाची किल्ली त्यात, दागिन्यांच्या ट्रंकेची त्यात. घरात चार सुना. पाहुणे आले की चहात साखर किती पडणार हे कमरेवरची कडी ठरवायची. आजीला तो मिळाला तेव्हा ती एकेचाळीस वर्षांची होती, सासूबाई अंथरुणाला खिळल्यावर. "हातात दिला नाही हो त्यांनी, उशीखालून काढून घ्यावा लागला," असं ती सांगायची, आणि हसायची नाही. शाटलेनवरचे लेख वाचताना नक्षीची फार वर्णनं असतात. त्या साखळ्यांच्या दुसऱ्या टोकाला किती जणी साखर मागायला उभ्या होत्या, ते क्वचितच असतं.

बरं, आता पुरुषांच्या खिशात येऊ. इथून कथा सैन्यात जाते.

स्वित्झर्लंडमध्ये श्विट्झ नावाच्या प्रांतात, इबाख गावी, कार्ल एल्सेनर नावाच्या कारागिराने १८८४ साली सुऱ्या-चाकूंचं दुकान टाकलं. त्याच दशकाच्या शेवटी स्विस सैन्याने १८८९ मॉडेलची नवी रायफल घेतली. ती खोलायला स्क्रूड्रायव्हर लागायचा. शिवाय सैनिकांचं जेवण आता पत्र्याच्या डब्यांत येत होतं. म्हणून प्रत्येक सैनिकाला एकच चाकू द्यायचं ठरलं : पातं, टोचणी, डबा फोडायचं अवजार आणि स्क्रूड्रायव्हर. मूठ लाकडाची. लाज वाटण्यासारखी गोष्ट अशी की "स्विस" सैन्याचे हे पहिले चाकू जर्मनीतल्या झोलिंगेन शहरातून आले, कारण एवढे चाकू पुरवणारं देशात कुणी नव्हतं. एल्सेनरला ते खुपलं. त्याने स्विस कारागिरांना एकत्र केलं आणि १८९१ मध्ये आपल्या चाकूंची पहिली खेप सैन्याला दिली. जर्मन कारखाने स्वस्तात देत होते, बरोबरचे कारागीर गळाले, एल्सेनर जवळजवळ दिवाळखोर झाला. नातेवाइकांनी सावरलं.

त्याने हार मानली नाही, पण मला त्याच्या जिद्दीपेक्षा त्याची स्प्रिंग जास्त भारी वाटते. घडीच्या चाकूत पाठीला एक पोलादी पट्टी असते, ती पात्याला उघड्या किंवा मिटलेल्या जागी धरून ठेवते. "टक्" आवाज येतो तो तिचा. आता प्रत्येक अवजाराला वेगळी स्प्रिंग दिली तर चाकू विटेएवढा होणार. एल्सेनरने एकाच स्प्रिंगकडून दोन्ही बाजूंची कामं करून घेतली. दोन स्प्रिंगांवर सहा अवजारं, त्यात एक छोटं जादा पातं आणि बाटलीचं बूच काढायचा स्क्रू. १२ जून १८९७ रोजी त्याने ह्या "ऑफिसर चाकू"ची नोंदणी केली. सैन्याने तो अधिकृतपणे कधी घेतलाच नाही. अधिकाऱ्यांनी स्वतःच्या पैशांनी घेतला, कारण हलका होता, छान होता. आणि वाइनची बाटलीही उघडत होता, हे कारण सगळ्यात मोठं असावं असा माझा अंदाज!

त्या कंपनीचं नावही मजेशीर आहे. आई वारल्यावर, १९०९ मध्ये, एल्सेनरने तिचं नाव मालाला दिलं : व्हिक्टोरिया. १९२१ पासून स्टेनलेस स्टील वापरायला लागले. त्याला फ्रेंचमध्ये आखूड नाव "इनॉक्स". झालं व्हिक्टोरिनॉक्स. "स्विस आर्मी नाइफ" हे नाव मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी पाडलं, मूळ जर्मन नाव त्यांच्या जिभेला झेपेना म्हणून.

१८९७ हे साल लक्षात ठेवा. कारण त्याच वर्षी इकडे मुंबईत, लालबागला एका शेडमध्ये, अर्देशिर गोदरेज यांनी कुलपं बनवायला सुरुवात केली. त्याआधी त्यांनी काय बनवलं होतं माहितीये? शस्त्रक्रियेची अवजारं. चिमटे, कात्र्या, सुऱ्या! माल उत्तम होता, पण विकत घेणाऱ्या इंग्रज कंपनीला त्यावर "भारतात बनवलेलं" हा शिक्का नको होता. अर्देशिर म्हणाले, शिक्का राहणार. धंदा बसला. मग मुंबईत वाढलेल्या घरफोड्यांच्या बातम्या वाचून ते कुलपांकडे वळले. शेवटी आजीच्या जुडग्यातल्या निम्म्या किल्ल्या त्याच नावाच्या होत्या. कारागीर दोघेही पात्यांचे, अडचण दोघांचीही एकच : माल कुठला म्हणायचा. एक चाकूच्या वाटेने किल्लीपर्यंत आला, दुसरा कुलपाच्या.

आता माझं सगळ्यात लाडकं अवजार. पी-३८. तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलं नसेल. पत्र्याचा डबा उघडायचं अमेरिकन सैन्याचं ओपनर, लांबी जेमतेम दीड इंच. १९४२ मध्ये शिकागोतल्या लष्कराच्या अन्न-संशोधन प्रयोगशाळेत ते तयार झालं. दोन स्टॅम्प केलेले पोलादी तुकडे, मध्ये बिजागरी. संपलं. स्प्रिंग नाही, हँडल नाही. घडी उलगडायची, खाच डब्याच्या काठाखाली अडकवायची, अंगठ्याने दाबायचं, पुढे सरकवायचं, परत दाबायचं. आमच्या कोडमध्ये ह्याच्यापेक्षा साधं काही मी आजवर पाहिलेलं नाही.

आणि त्याच्या एका टोकाला भोक आहे. हडप्पाच्या मुद्रेसारखं. सैनिकांनी त्या भोकातून ओळखपट्टीची साखळी ओवली. गळ्यात नाव, नंबर, रक्तगट, आणि शेजारी डबा उघडायचं ओपनर. युद्धात माणसाला नक्की काय काय हरवून चालणार नाही त्याची ही यादीच. युद्धं संपली, माणसं घरी आली, आणि ते ओपनर गळ्यातून निघून गाडीच्या, घराच्या किल्ल्यांत गेलं. अमुक ठिकाणी लटकवा असं सांगणारी कुठलीच जाहिरात नव्हती. पत्रं फोडायला, स्क्रू फिरवायला, बुटाच्या तळातला चिखल काढायला ते चालायचं. १९८०च्या दशकात सैन्याचं जेवण डब्यांऐवजी फाडायच्या पाकिटांत यायला लागलं. ओपनरचं मूळ काम गेलं, कितीतरी जणांच्या जुडग्यातली जागा तशीच राहिली.

पुढचं भरभर सांगते. १९७५ मध्ये टिम लेदरमन नावाचा अमेरिकन इंजिनिअर बायकोबरोबर जुनी फियाट घेऊन युरोप फिरत होता. गाडी सारखी बंद पडे, हॉटेलांचे नळ गळत. खिशात चाकू होता, पण पक्कड नव्हती. पक्कड असलेला चाकू बनवायला महिनाभर पुरेल असं त्याला वाटलं. (इंजिनिअरचा अंदाज! आमच्या टीममध्येही "दोन दिवसांत होईल" म्हणणारे आहेत.) पहिली खरी ऑर्डर मिळेपर्यंत १९८३ उजाडलं. सुरुवातीला घर बायकोच्या नोकरीवर चाललं. आधी पट्ट्याला लावायचं ते मल्टिटूल पुढे लहान लहान होत १९९०च्या दशकात किल्लीच्या कडीत मावलं. आणि लहान होताना त्यात काय ठेवलं? कात्री, नखांची कानस, चिमटा. परत तेच!

२००० साली पेनड्राइव्ह बाजारात आला. आयबीएमने विकलेल्या पहिल्यावहिल्या ड्राइव्हचं नावच "डिस्कऑनकी", जागा ८ एमबी. आमच्या कॉलेजच्या काळात प्रत्येकाच्या किल्लीला एक असायचा, सबमिशनची फाइल आणि झेरॉक्सवाल्याकडचा व्हायरस दोन्ही वाहून नेणारा. आता ऑफिसने मला सिक्युरिटी की दिलीय, लॅपटॉपमध्ये खोचून बोट टेकवायचं की मी मीच आहे हे सर्व्हरला पटतं. तिलाही भोक आहे. मुद्रा परत आली म्हणायची.

११ सप्टेंबर २००१ नंतर जगभर विमानात छोटी पातीसुद्धा बंद झाली आणि विमानतळावरच्या दुकानांतून भेट म्हणून खपणाऱ्या स्विस चाकूंची विक्री धाडकन पडली. माझ्या चाकूची रवानगी खोक्यात झाली ती ह्याच साखळीतली.

तर चाकू गेला, आणि त्याच सुमारास मी नव्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. दाराला स्मार्ट लॉक. मालक म्हणाले, किल्लीची गरजच नाही, सगळं फोनवर. मला बरं वाटलं. टॉर्च फोनमध्ये, नोटा फोनमध्ये, आता किल्लीही फोनमध्ये. जुडगा मी कपाटात टाकला.

सहा महिन्यांनी रिलीजच्या रात्री साडेअकराला घरी आले. फोन मेलेला. लॉकला पिन नंबर होता, तो ॲपमधून बदलल्यावर लॉकपर्यंत पोहोचलाच नव्हता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. झाकणाखाली साधं किल्लीचं भोकही होतं. किल्ली होती आतल्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये, पाकिटासकट. जिन्यावर बसून मी स्वतःच्याच व्यवसायाला बऱ्याच शिव्या दिल्या. शेवटी समोरच्या काकूंनी आवाज ऐकून दार उघडलं, चार्जर दिला. वर, "एक किल्ली आमच्याकडे ठेवत जा गं," म्हणाल्या. त्यांच्या दाराजवळच्या खिळ्याला शेजारच्या तीन घरांच्या किल्ल्या लटकत होत्या. कागदाच्या चिठ्ठ्या लावून.

त्या रात्री खरं तर मी घाबरले होते, दमले होते ते वेगळंच. माझ्याच घराचं दार उघडायचं की नाही हे माझ्या हातात नव्हतं. कुठल्यातरी उशीखाली होतं.

आता माझ्या कडीत दोन खऱ्या किल्ल्या आहेत, एक काकूंच्या खिळ्यावर. आईने नवी शिट्टी अडकवून दिली, पेपर स्प्रे प्रवास नसतानाच लावते. आजी गेल्यावर छल्ल्याची चकती मोठ्या काकूकडे गेली, ते रीतसरच होतं. मी कानकोरणं आणि चिमटा मागून घेतला. कुणाला नको होता.

मागच्या महिन्यात परत विमानतळ, परत ट्रे. जवानाने जुडगा उचलून दिव्यासमोर धरला. "ये क्या है?" म्हटलं, कान साफ करायचं. त्याने चिमटा दोनदा दाबून पाहिला, हसला, आणि ट्रे पुढे ढकलला.

तुमच्या किल्लीला काय लटकतंय त्याचा फोटो पाठवा. आणि तुमच्या घरी आजी-पणजीच्या छल्ल्यात असला संच असेल तर त्याला तुमच्याकडे काय म्हणतात तेही लिहा. आमच्याकडे नुसतं "आजीची हत्यारं" म्हणायचे.